खिळ्याची साक्ष

नाण्यावर राजाचे नाव असते. खिळ्यावर काहीच नसते. म्हणून जमिनीत सापडलेला गंजका खिळा किती जुना, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तरी तो अगदीच मुका नसतो.

आमचे वडील सुतारकाम करीत. वाशातून उपटलेला वाकडा खिळा ते दगडावर ठेवून हातोडीने सरळ करीत आणि पुन्हा ठोकीत. त्यांच्या डब्यातले चौकोनी व गोल खिळे निवडता निवडता आमचे या विषयातले पहिले शिक्षण झाले. लोहाराने घडविलेला खिळा चौकोनी असतो, चारी बाजूंनी निमुळता होत जातो आणि डोक्यावर हातोड्याचे घाव दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस लोखंडी पट्टीतून यंत्राने कापलेले खिळे आले. ते दोनच बाजूंनी निमुळते; उरलेल्या दोन बाजूंत जाडी सर्वत्र सारखी, आणि टोक बोथट. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकातला. त्या शतकाच्या अखेरीस त्याने बाकीच्यांना मागे टाकले. तेव्हा तारेचा गोल खिळा हाती आला, की तो रोमन नव्हे, एवढे छातीठोकपणे सांगता येते.

उलट बाजूने तसे सांगता येत नाही. चौकोनी घडीव खिळा रोमन लोहाराचा की सतराशे वर्षांनंतरच्या लोहाराचा, हे नुसते पाहून ठरविणे फार कठीण. दोघांची रीत एकच. शिवाय खिळा एका घरातून दुसऱ्या घरात जातो. अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत लोक घर सोडताना खिळ्यांसाठी ते जाळून टाकीत. त्याला 1645 च्या सुमारास कायद्याने बंदी घालावी लागली. आमच्या वडिलांना हे मुळीच नवल वाटले नसते!

एका प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण इंग्लंडहून सुटीवर आला. धातुशोधक यंत्र घेऊन, मालकाच्या परवानगीने नांगरलेल्या शेतांतून हिंडणे, हा तिकडे अनेकांचा छंद, याचाही. त्याने सात खिळ्यांची छायाचित्रे आमच्यासमोर मांडली.

"फादर, हे रोमन आहेत. पुढच्या खेपेला घेऊन येतो. शुभ शुक्रवारी क्रुसाजवळ ठेवू या, 'प्रभूच्या काळातील खिळे' अशी पाटी लावून."

आम्ही विचारले, "कुठे सापडले? किती खोल? सोबत काय निघाले?"

"वेगवेगळ्या शेतांत, फादर. सगळे एकाच पिशवीत टाकले."

त्यांतले दोन तर उघड उघड यंत्राने कापलेले होते. मातीतून निघालेली पन्नास वर्षांहून जुनी वस्तू त्या देशाबाहेर नेण्यास परवाना लागतो, हा भाग वेगळाच.

त्याचा चेहरा उतरला. मग आम्ही त्याला स्कॉटलंडमधील इंचटुथिलची गोष्ट सांगितली. तेथे रोमन सैन्याने इ.स. 86-87 च्या सुमारास अपुरा किल्ला सोडताना पावणेनऊ लाखांच्या आसपास खिळे खड्ड्यात पुरले. शत्रूने त्यांची शस्त्रे घडवू नयेत म्हणून. 1960 च्या सुमारास ते उत्खननात सापडले. बाहेरच्या खिळ्यांच्या गंजाचे कवच झाल्याने आतले पुष्कळ खिळे नव्यासारखे राहिले होते. त्यांचा काळ ठरला तो त्यांच्या रूपावरून नव्हे, तर ते ज्या किल्ल्यात पुरले होते त्याच्या इतिहासावरून. पिशवीत टाकलेल्या खिळ्याजवळ तो आधार उरत नाही.

त्याची आई म्हणाली, "पण फादर, लोकांची भक्ती वाढली असती की!" त्या माउलीच्या मनात खोट नव्हती. पण वेदीजवळ लावलेली पाटी लोक आमच्या शब्दावर खरी मानतात. आम्ही नकार दिला, आणि दोन दिवस मायलेक आमच्याशी बेताचेच बोलले.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून आला. आम्ही त्याला जेरुसलेमच्या टाचेच्या हाडाचे चित्र दाखविले. 1968 मध्ये तेथील एका कबरीत, यहोहानान हे नाव कोरलेल्या अस्थिपेटीत ते सापडले. पहिल्या शतकातील, क्रुसावर खिळलेल्या माणसाचे. खिळा अजून हाडातच होता, साडेअकरा सेंटीमीटर लांब. त्याचे टोक वाकलेले होते. त्यामुळेच तो उपटता आला नसावा, असे मानतात. तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला.

त्या शुभ शुक्रवारी सभागृहात ते चित्र लागले. खालची पाटी त्यानेच लिहिली: नाव, गाव, सन, खिळ्याची लांबी.