सकळ लिपीचे कुलूप

विदर्भातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ रचला. पुढे आपले ज्ञान अनधिकारी माणसाच्या हाती पडू नये, म्हणून महानुभावांनी असे ग्रंथ सकळ लिपीत उतरवून ठेवले. तीत एका अक्षराच्या जागी दुसरेच येई. किल्ली पंथाबाहेर जात नसे. ग्रंथ सुरक्षित राहिले खरे, पण इतर मराठी माणसांना ते शतकानुशतके परके झाले! विसाव्या शतकात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी ही लिपी उलगडली. अक्षरांनी वेष पालटला, तरी भाषेची चाल तीच राहते. वाक्याच्या शेवटी पुनःपुन्हा येणारी खूणजोडी जुन्या मराठीतील ‘असे’ तर नसेल? एवढा धागा हाती लागला, की त्याच खुणा अन्य शब्दांत शोधता येतात.