एकट्याची होडी

टेलिफोनवर बोलताना समोरच्या कागदावर रेघोट्या ओढायची मला जुनी खोड आहे. दुधाच्या हिशेबाची वही, लग्नपत्रिकांचे लिफाफे, काहीही चालते. सौभाग्यवतींनी त्याबद्दल मला आजवर पुष्कळ ऐकवले आहे. परंतु अलीकडे माझ्या बाजूचा एक भक्कम साक्षीदार मिळाला.

ब्रूस कर्बी हे त्याचे नाव. जन्माने कॅनडाचा. १९६९ साली इयान ब्रूस या मित्राने त्याला टेलिफोन केला. मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी छोटी शिडाची होडी त्याला हवी होती. बोलता बोलता कर्बीने रेघोट्या ओढल्या आणि त्यांतून ‘लेझर’ जन्मली! चौदा फुटांना थोडी कमी, काचतंतू आणि राळ यांची, वजन साठ किलोंच्या आतबाहेर. डोलकाठीचे दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, वर एकुलते एक शीड बाहीसारखे चढवायचे, की निघाली स्वारी. १९७१ साली ती बाजारात आली आणि १९९६ साली ऑलिंपिकमध्ये पोहोचली.

हे सारे मला कन्येने सांगितले. मुंबईच्या बंदरात ती हीच होडी शिकते. अंगाने हलकी, म्हणून शीड तेवढे लहान. पहिल्या दिवशी मीही हौसेने गेलो.

“बाबा, हिच्यात एकच माणूस बसतो हं!” ती म्हणाली, आणि मी धक्क्यावर राहिलो.

थोड्याच वेळात वाऱ्याचा झोत आला नि होडी आडवी! माझ्या काळजाचे पाणी झाले. पण पोरगी पोहत पलीकडे गेली, होडीच्या पोटातून बाहेर आलेल्या फळीवर चढली आणि सारा भार देऊन मागे रेलली. होडी हळूच उभी राहिली. पुन्हा वेग घेताच बैठकीतले पाणीही तळाच्या भोकातून ओसरले.

मी असतो तर कधीच न उलटणारी होडी आखली असती. तळाशी भरपूर वजन घातले असते. मग ती टपावर चढली नसती, आणि लाटांवरून अशी धावलीही नसती. बापांच्या आराखड्यांत हा दोष हमखास असतो. कर्बीने उलटण्याची मुभा ठेवली, आणि एकट्याने सावरण्याची सोयही.

त्या रात्री टेलिफोनवर बोलताना मी दुधाच्या वहीत एक होडी काढली. होडीत एकच माणूस. दुसरा लांब, किनाऱ्यावर. सौभाग्यवतींनी पान पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. दुधाचा हिशेब मात्र त्यांनी पुढच्या पानावर लिहिला.