काय खेळायलास?

दुरुस्तीला आलेला फोन मी लगेच चालू करत नाही. आधी बंद स्क्रीन उजेडाकडं तिरपी धरतो. झरीतलं माझं दुकान परभणी-जिंतूर रस्त्यावर, तोंड पूर्वेला. सकाळी दहा-अकरापर्यंत काउंटरवर ऊन पडतं. काचेवर कंपनीनं तेल न धरणारा एक पातळ थर दिलेला असतो. बोट रोज जिथं फिरतं तिथला थर झिजतो आणि मग त्या जागी ओशटपणा धरून राहतो. फोन आडवा धरल्यावर डाव्या बाजूला खाली रुपयाएवढं धुरकट गोल दिसलं, उजवीकडं दोन-तीन ठिपके दिसले, की समजायचं, हे लेकरू बंदुकीची गेम खेळतं. डावा अंगठा गड्याला पळवतो, उजवा नेम धरून गोळी सोडतो. वरच्या दोन्ही कोपऱ्यांतही झीज असेल तर पोरगा चार बोटांनी खेळतो, म्हणजे मुरलेला आहे. चारी कोपरे सारखे घासलेले असतील तर त्या घरात लुडो चालतो. एकाच फोनभोवती चौघं बसतात आणि ज्याचा त्याचा फासा ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात असतो.

एवढं दिसलं तरी मी विचारतोच, "काय खेळायलास सध्या?"

हा प्रश्न माझ्या पेटीतल्या कुठल्याही हत्याराइतका कामाचा आहे. तो विचारायला शिकायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

माझी पहिली दुरुस्ती म्हणजे फुंकर. परभणीला मामाच्या घरी टीव्हीला जोडायची गेम होती. पिवळी कॅसेट, आत मारिओ आणि कॉन्ट्रा. चित्र फाटलं की कॅसेट उपसायची, खाचेत जोरात फुंकायचं, परत दाबायची. चालू व्हायची. फुंकरीत काहीतरी आहे असं आम्हा सगळ्या भावंडांना वाटायचं. पुढं हातात सोल्डरिंगची कांडी आली तेव्हा कळलं, की काम फुंकरीनं होत नव्हतं. कॅसेट काढून बसवताना तिच्या पट्टीवरचे तांब्याचे दात खाचेतल्या पत्र्यांना नव्यानं भिडायचे, एवढंच. उलट तोंडाच्या ओलीनं तांबं काळं पडायचं. पण कुठंतरी काहीतरी नीट भिडत नाही, हा संशय मनात तेव्हापासून बसला तो बसलाच. आजही बंद फोन उघडला की मी आधी पट्ट्यांची टोकं काढून परत बसवतो.

कॉलेजसाठी परभणीला जायला लागलो तेव्हा एक रुपयाच्या नाण्यावर 'मुस्तफा' खेळलो. तिचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', जपानच्या कॅपकॉमनं १९९३ साली काढलेली. आपल्याकडं मात्र ती त्यातल्या टोपीवाल्या मुस्तफाच्याच नावानं ओळखली गेली. माझ्याकडं रोज नाणं नसायचं. मी मागं उभा राहून बघायचो. खेळणारा न बोलता खेळायचा आणि मागचे आठ-दहा जण बोलायचे: इथं डबा फोड, तिथं गाडी आहे, पुढच्या टप्प्यावर मोठा येतो. अनोळखी माणसं एकमेकांना शहाणं करत होती. तसलं बोलणं मी नंतर फक्त बैलबाजारात ऐकलं.

दुकान टाकलं २००६ साली. तेव्हा टेबलावर सगळे नोकिया ११००. आत 'स्नेक' आणि 'स्पेस इम्पॅक्ट'. साप पहिल्यांदा फोनवर आला तो १९९७ साली, नोकिया ६११० मध्ये. फिनलंडच्या तानेली आर्मान्तो यांनी तो लिहिला. मला ते नाव फार उशिरा कळलं, पण त्यांच्या सापानं माझं घर चालवलं असं म्हणायला हरकत नाही. दोन, चार, सहा, आठ ही चार बटणं मऊ पडायची, बाकीची कोरी. कीपॅड उचलायचा, खालच्या पत्र्याच्या चकत्या थिनरनं पुसायच्या, फारच गेल्या असतील तर शीट बदलायची. मास्तर असो की ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, त्याच चार बटणांवरून साप खेळणारा कळायचा. तेव्हा विचारायची गरजच नव्हती. बहुतेक जण सापच खेळायचे.

चूक झाली ती टचच्या काळात. पब्जी २०१८ च्या मार्चमध्ये आली आणि सोयाबीन निघेपर्यंत आमच्याकडं घरोघर पोचली. इरँगलच्या नकाशातलं पोचिंकी पोरांना बोरी गावाइतकं ओळखीचं झालं. कुठल्या घराच्या माडीवर बंदूक सापडते ते सांगत पोरं काउंटरला टेकून उभी राहायची. त्याच दिवाळीत एका पोरानं फुटलेला डिस्प्ले आणला. मी सगळ्यांत स्वस्त कॉम्बो बसवला, एका बोटानं वर-खाली सरकवून बघितलं, फोन लावून बघितला, दिला. चौथ्या दिवशी तो परत आला.

"दादा, पळता पळता गोळी सुटंना."

मी म्हणालो, नेट असेल. तो काही बोलला नाही. नंतर कळलं, त्यानं परभणीला जाऊन पुन्हा पैसे घालून दुसरा डिस्प्ले बसवला. त्याचं काही चुकलेलं नव्हतं. काचेखाली आरपार दिसणाऱ्या तारांची उभी-आडवी जाळी असते. बोट टेकलं की त्या जागचा विजेचा भार किंचित हलतो आणि एक चिप तो बदल सेकंदाला कितीतरी वेळा मोजत राहते. हलक्या मालात ती सावकाश मोजते, आणि दोन बोटं जवळ आली की त्यांना एकच समजते. फोनवर बोलणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही. दोन अंगठ्यांनी खेळणाऱ्याला पहिल्याच मिनिटात कळतं. त्या पोराच्या तक्रारीतच बिघाडाचं अचूक वर्णन होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून कुठलाही टच बसवला की सेटिंगमधलं 'पॉइंटर लोकेशन' चालू करतो, दोन्ही हातांची बोटं टेकवून किती मोजतो ते बघतो आणि एक तिरपी रेघ अगदी हळू ओढतो. रेघ सरळ यायला पाहिजे. पायऱ्या पडल्या तर माल परत. आणि बसवायच्या आधी विचारतो, सध्या काय खेळायलास.

उत्तरं फक्त पोरांकडूनच येत नाहीत. कापसाच्या वेचणीत एक मावशी आल्या. टच काम करत नाही म्हणाल्या. माझ्या बोटाला टच सुरेख चालत होता. त्यांना लावायला सांगितलं तर खरंच हलेना. बोंडाच्या नख्यांनी बोटांची टोकं चिरलेली, कातडी वाळून घट्टा पडलेली. अशा कातडीतून भार नीट पोचत नाही. फोनला बोट आहे हेच कळत नाही. "काय खेळता मावशी?" म्हटलं तर आधी लाजल्या, मग म्हणाल्या, रात्री जेवणं झाली की लेकीसोबत लुडो. लेक पुण्याला दिलेली. फासा टाकायची पाळी येते आणि यांचा फासा फिरतच नाही; लेक तिकडून म्हणते, आई, झोपलीस का? फोनमध्ये टचची संवेदना वाढवायची सोय होती ती चालू करून दिली, आणि खेळायच्या आधी बोटाला थोडं ग्लिसरीन लावा म्हणालो. 'लुडो किंग' ही गेम नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीची, विकाश जयस्वाल यांनी २०१६ साली आणलेली. टाळेबंदीत ती घराघरांत गेली आणि वेचणीच्या हातांत राहिली.

दुसरा फोन गव्हाच्या दिवसांतला. बापलेक दोघं आले होते. पोरगं बारावीचं. फोन रात्री आपोआप चालतो, कुठंही टच होतो, डिस्प्ले बदलून द्या. काच तिरपी केली. दोन्ही अंगठ्यांचे डाग स्वच्छ दिसत होते. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"ते काही खेळत नाही," बाप म्हणाला. "अभ्यासाला घेऊन दिलाय."

पोरगं खाली बघत होतं. मी म्हणालो, "मामा, दहा मिनिटं लागतील, चहा घेऊन या." ते गेल्यावर परत विचारलं.

"फ्री फायर मॅक्स," तो म्हणाला. "पण शेतातच."

मग हळूहळू सगळं निघालं. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची होती. बाराला लाईट आली की मोटार चालू करायची आणि पहाटेपर्यंत दारं धरायची. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून तोच जातो. त्याच्यासारखे तिघं मित्र आपापल्या शेतात. चौघं मिळून एक टोळी. गेममध्ये एकमेकांशी बोलता येतं, त्यामुळं अंधारात झोप लागत नाही, रानडुकराची भीती कमी वाटते. मी विचारलं, बीजीएमआय, म्हणजे पब्जीचाच भारतीय अवतार, का नाही? तो म्हणाला, "ती अर्धा तास चालते, दादा. फ्री फायर दहा मिनिटांत होते. तेवढ्यात वाफा भरतो."

बीजीएमआयमध्ये शंभर खेळाडू उतरतात, फ्री फायरमध्ये पन्नास. हे आकडे मला पाठ होते. पण पोरगं गेम निवडताना वाफ्याची लांबी मोजत असेल हे मला कधी सुचलं नसतं. मेलं की फोन खिशात, पाणी पुढच्या वाफ्यात मोडायचं, हात पँटीला पुसायचा आणि परत उतरायचं.

आणि बिघाडही तिथंच सापडला. फोन घरी नीट चालतो, शेतात बिघडतो. "शेतात चार्जिंगला लावून खेळतोस का?" तर हो, मोटारीच्या पेटीतून वायर काढली आहे. चार्जर खिशातच होता, बाजारातला, बिननावाचा. मी तो दुकानात लावला, पॉइंटर लोकेशन चालू केलं आणि बोट एका जागी स्थिर धरलं. पडद्यावरची रेघ तापातल्या माणसाच्या हातासारखी थरथरत होती. हलका चार्जर वीज गाळून देत नाही; तिच्यातली खरखर टचच्या जाळीत शिरते आणि चिपला बोटं नसलेल्या जागी बोटं दिसायला लागतात. माझा चार्जर लावला, रेघ शांत झाली. डिस्प्लेला काहीच झालेलं नव्हतं. चौदाशे रुपयांचं काम दोनशेच्या चार्जरवर आलं. पिनेतला चिखल ब्रशनं काढला, चार्जिंग लावून खेळू नकोस म्हणून सांगितलं. आधीच गेमनं तापलेल्या बॅटरीला चार्जिंगचाही ताप दिला की ती फुगते. फुगलेल्या किती काढल्यात याचा माझ्याकडं हिशेब नाही.

वडील चहा घेऊन आले. मी जे होतं ते सांगितलं, पोराचा जागा राहण्याचा भाग धरून. ते बराच वेळ चार्जर हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "मी जायचो तेव्हा रेडिओ नेत होतो." पुढं काही बोलले नाहीत. पैसे दिले, पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि निघाले.

बंदीच्या बातम्या माझ्या काउंटरवर कशा पोचल्या ते थोडक्यात सांगतो. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी गेली. २०२१ च्या जुलैमध्ये बीजीएमआय आली, पुढच्या जुलैत स्टोअरवरून गायब झाली, २०२३ च्या मेअखेर परतली. मधल्या काळात २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर बंद झाली, मॅक्स राहिली. प्रत्येक वेळी पोरं माझ्याकडं येऊन विचारायची, दादा, आता काय खेळायचं? जणू ते माझ्या हातात होतं. खरं दुःख गेमचं नव्हतं. दोन-दोन वर्षं कमावलेली आयडी, तिच्यावरची टोळी, तिच्यावरचं नाव, हे सगळं कुठं जायचं?

पैशाच्या गेमांचं मात्र मला कधीच काही वाटलं नाही, चीड सोडून. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांना बंदी झाली, ते बरंच झालं. त्या खेळणाऱ्यांना मी काय खेळायलास म्हणून विचारलं तर ते हिशेब सांगायचे: किती गेले, किती निघतील. गेममध्ये काय झालं हे त्यांच्यातल्या एकानंही कधी सांगितलं नाही.

पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला एक जण दिवाळीत लॅपटॉप घेऊन आला होता. 'राजी' दाखवली. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली काढलेली; राजी नावाची पोरगी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधत निघते, आणि मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्या सांगतात. काउंटरवरची पाच-सहा डोकी एका पडद्यावर वाकली होती. बंदुकीची सवय झालेली पोरं त्रिशूळ कसा फिरतो ते बघत होती. एकानं विचारलं, हे आपल्याकडं करतात? तो म्हणाला, हो, पुण्यात. पोरगं जरा वेळ गप्प झालं आणि मग त्यानं विचारलं, ते शिकायला काय लागतं.

गव्हाच्या दिवसांतला तो बारावीचा पोरगा मार्चअखेर परत आला. परीक्षा झालेली, गहू निघालेला. चार्जिंगची पिन ढिली झाली होती. मी हॉट एअर गन तापायला लावली आणि विचारलं, काय खेळायलास?

"सध्या काहीच नाही. रात्री घरीच असतोय." मग तो माझ्या टेबलाकडं बघत म्हणाला, "दादा, तुम्ही काय खेळायलाव?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी ड्रॉवर उघडला. आत एक ११०० आहे. कुणीतरी दुरुस्तीला टाकून कधीच न्यायला न आलेला. बॅटरी मी दोनदा बदलली आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी साप खेळतो. त्याच्या हातात दिला. त्यानं आधी काचेवरच बोट फिरवलं. मग मी चार आणि सहा दाखवले. दोन अंगठ्यांनी खेळणारा पोरगा एका अंगठ्यानं बटणं दाबायला लागला, दर वळणाला थोडा उशिरा. साप भिंतीला लागला तसा त्यानं श्वास धरला. साप भिंतीतून गेला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला.

"अरे!" तो म्हणाला.

पिन बसवून झाली. रस्त्यावर त्याच्या गावाकडं जाणाऱ्या काळीपिवळीनं हॉर्न दिला, परत दिला. त्यानं मान वर केली नाही.