ईसा टाउनची पानं

४ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार
आज कार्तिकी एकादशी. शेजारच्या काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. टीव्हीवर पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यब इथं बहरीनमध्ये, साखीरच्या राजवाड्यात एकत्र दिसत होते. बघता बघता काकूंनी विचारलं, "देव एकच म्हणता, मग बाप, पुत्र आणि आत्मा असे तीन कसे गं?"

नगरहून नोकरीसाठी नुकताच आलेला माझा भाचा उसळलाच. "आणि तुमचे तेहतीस कोटी?"

काकूंचा चेहरा उतरला. मी त्याला चहा ठेवायला आत पाठवलं आणि म्हटलं, "काकू, मला उमगलंय तेवढं सांगते. सगळं उमगलंय असं नाही." त्या खिचडीचं झाकण हातात तसंच धरून ऐकत राहिल्या.

५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी रिफाच्या स्टेडियमवर पोपची मिस्सा. आम्ही प्रॉटेस्टंट, पण गोव्याच्या मैत्रिणीबरोबर गेले. संध्याकाळी ते इथल्याच सेक्रेड हार्ट शाळेत तरुणांना भेटले.

६ नोव्हेंबर, रविवार
शुक्रवारच्या त्या प्रसंगावरून रात्री भाचा म्हणाला, "मावशी, मग आपल्या विश्वासाची साक्ष द्यायचीच नाही का?"

द्यायची तर! पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपल्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलंय. सौम्यता आणि आदर त्याला तिथंच जोडलेत. अर्धंच पाठ करून कसं चालेल?

मग त्याला कवी ना. वा. टिळकांचं सांगितलं. १८९३ मध्ये आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. तो त्यांच्याशी कवितेवर आदरानं बोलला आणि जाताना नवा करार देऊन गेला. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी मुंबईत मिशनरी आणि शास्त्री यांचे जाहीर वाद झडले होते, खंडनाला प्रतिखंडन निघालं होतं. टिळकांना मात्र डब्यातल्या त्या अनोळखी माणसानं पुस्तकापर्यंत नेलं.

मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई कोलमडल्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नांदायला आल्या त्याही आपलं सोवळं घेऊन, आणि टिळकांनी ते चालू दिलं. टिळक किती तापट होते ते लक्ष्मीबाईंनीच आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. म्हणजे सौम्यपणा काही टिळकांच्या अंगचा नव्हता. बायकोच्या मनावर आपला हक्क नाही, हे मानूनच ते थांबले असणार. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनानं.

भाचा गप्प होता. पटलं की नाही, मी विचारलं नाही.

८ नोव्हेंबर, मंगळवार
भाचा आपणहून काकूंकडे जाऊन आला. काकूंनी 'स्मृतिचित्रे' मागितलंय. उद्या नेऊन देईन. मलाही त्यांना विचारायचंय, एकादशीला त्या विठोबाकडे काय मागतात, की काहीच मागत नाहीत.