फणसाच्या लाकडाच्या दोन वाट्या

व्हायोलिन शिकविणाऱ्या मनुष्याचे कान गेले तर त्याच्यापाशी काय उरते, हा प्रश्न आमच्या घरात चार वर्षे कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता. माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे आमच्या दादांनी, बेळगावात चाळीस वर्षे मुलांच्या हाती गज धरावयास शिकविले. २०१९ साली डॉक्टरांनी त्यांच्या श्रवणाचा आलेख काढून आमच्यापुढे ठेवला. हजार हर्ट्झपर्यंत रेघ बरीच सरळ चालली होती. दोन हजारांच्या पुढे मात्र ती आंबोलीच्या घाटासारखी खाली उतरली होती. वयोमानाने असे होतेच, असे डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी कानामागे लावावयाचे श्रवणयंत्र दिले.

त्या यंत्राने दादांना माणसे परत मिळाली हे खरे. सूनबाईचे बोलणे, भाजीवाल्याची हाक, दाराची कडी हे सारे त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागले. परंतु संगीत काही परत आले नाही. असली यंत्रे मुख्यतः मनुष्याच्या बोलण्यासाठी घडविलेली असतात. आपल्याच आवाजाच्या फेऱ्यात सापडून शिट्टी घालण्याची त्यांना खोड असते, आणि ती मोडावी म्हणून त्यांत अशी योजना केलेली असते की एखादा सूर लांबत राहिला की यंत्र त्यालाच शिट्टी समजून दाबू पाहते. आता व्हायोलिनचा लांब ओढलेला स्वर म्हणजे त्या बिचाऱ्या यंत्राच्या लेखी शिट्टीच! दादा म्हणत, “माझा सूर पाण्यात बुडवून काढल्यासारखा येतो.” पुढे पुढे त्यांनी व्हायोलिनची पेटी उघडणेच सोडले.

त्यांना विशेष करून जी वस्तू हवी होती ती जुन्या हिंदी चित्रपटगीतांत दडलेली आहे. गाणारा गातो, त्याच्या पाठीमागे व्हायोलिनांचा ताफा वेगळाच प्रवाह घेऊन वाहत असतो. शंकर-जयकिशन यांच्या गीतांतील ही वाद्यरचना गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील ते प्रसिद्ध नाव त्यांच्यावरूनच आले. ही मंडळी दादांची दैवते. व्हायोलिनची सर्वांत खालची मोकळी तार १९६ हर्ट्झची आणि सर्वांत वरची सुमारे ६५९ हर्ट्झची, म्हणजे सूर स्वतः दादांच्या टप्प्यात होते; परंतु तारेवर गज घासला जाण्याची जी धार असते, जिच्यामुळे व्हायोलिन हे व्हायोलिन वाटते, ती दोन हजारांच्या वरच्या प्रदेशात राहते. दादांना सूर येई, धार येत नसे.

माझ्या मुलाला ध्वनियंत्रांचा नाद आहे. त्या नादापायी त्याने किती पैसा घालविला हे त्याच्या आईस ठाऊक नाही, आणि मीही सांगणार नाही. त्याच्याजवळ ग्रॅडो नावाच्या अमेरिकन कारखान्याचा, ‘एसआर ६०’ ह्या नमुन्याचा, दुसऱ्या हाताने घेतलेला एक हेडफोन होता. जोसेफ ग्रॅडो ह्या गृहस्थाने १९५३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात घरातील स्वयंपाकाच्या टेबलावर ग्रामोफोनच्या सुईची उपकरणे करावयास आरंभ केला. पुढे कुटुंबाच्या फळांच्या दुकानाच्या इमारतीत कारखाना नेला. हेडफोन ते बऱ्याच काळाने, १९९० च्या सुमारास, करू लागले. हेडफोनचे आणि स्वयंपाकघराचे काही जुने नाते असावे, कारण १९१० साली अमेरिकेच्या नौदलास हेडफोन पुरविणारे यूटा प्रांतातील नॅथानिएल बाल्डविन हेही ते आपल्या स्वयंपाकघरातच बनवीत. आमच्याही घरी हा सारा उद्योग चुलीशेजारच्या ओट्यावरच झाला.

ह्या हेडफोनची रचना फार साधी आहे. प्लास्टिकच्या वाटीत ध्वनी उत्पन्न करणारी एक लहान चकती असते. वाटीची मागील बाजू बंद नसून जाळीची असते, त्यामुळे अर्धा आवाज मागे निघून जातो, आणि शेजारी बसलेल्यालाही गाणे ऐकावे लागते. पुढच्या बाजूस स्पंजाची गादी नुसती ताणून बसविलेली असते; ती नखाने ओढली की निघते. ह्या सोयीमुळेच जगभरच्या हौशी लोकांनी ह्या हेडफोनचे नाना अवतार केले आहेत.

गादी ही कानाच्या सुखासाठी असते अशी आपली समजूत. वस्तुतः अर्धे संगीत गादीच्या हाती असते. मूळची गादी सपाट होती. ती थेट कानाच्या पाळीवर टेकते आणि चकती कानाच्या अगदी जवळ राहते. त्यामुळे खर्जाचे सूर भरदार येतात. परंतु वरचे सूर स्पंजातून गाळून यावे लागतात आणि तेथेच त्यांची धार मरते. शिवाय दादांच्या चष्म्याची काडी कानाशी दाबली जाऊन अर्ध्या तासात त्यांना वेदना होऊ लागत. काही हौशी लोक ह्या सपाट गादीच्या मध्यभागी अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्याएवढे, म्हणजे सुमारे २४ मिलिमीटरचे, भोक पाडतात. मुलाने तेही करून पाहिले. फरक पडला, पण पाळीवरचा दाब तसाच राहिला. मग त्याने मोठ्या, खोलगट गाद्या मागविल्या. ह्या कानावर न बसता कानाभोवती डोक्यावर बसतात, आणि मध्ये पोकळी असल्याने चकती व कान यांच्यामध्ये स्पंजाचा पडदा राहत नाही. चकती दूर गेल्याने आणि कडेने हवा निसटू लागल्याने खर्ज थोडा पातळ होतो, वरचे सूर मात्र उजळ होतात. तरुण कानांना हे कर्कश वाटते. माझ्या मुलाने तर दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवला. पण दादांना नेमके हेच पाहिजे होते!

लाकडाची गोष्ट निराळी. २०१९ च्या ऑगस्टात बेळगावला जो पाऊस झाला त्यात आमच्या परसातला फणस आडवा झाला. आमच्या आईने लावलेले झाड ते. दादांनी त्याच्या दोन इंची फळ्या काढवून माळ्यावर हवेशीर रचून ठेवल्या होत्या. इंचामागे एक वर्ष सुकू द्यावे असा सुतारांचा नियम आहे. दक्षिणेत वीणा आणि मृदंगम् फणसाच्या लाकडाचे करतात, हे दादांना ठाऊक असल्यामुळे त्या फळ्यांना त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. ग्रॅडो कारखानाही आपल्या उंची नमुन्यांना महोगनीच्या वाट्या लावतो, हे मुलाने सांगताच दादा स्वतः माळ्याच्या शिडीपाशी जाऊन उभे राहिले.

आम्ही फळी घेऊन एका ओळखीच्या कातारीबुवांकडे गेलो. पलंगाचे पाय, लाटणी आणि पाळण्याचे खुंट हे त्यांचे नित्याचे काम. मुलाने काढलेले चित्र त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “साहेब, बूड नसलेल्या वाटीत खायचे काय?” तथापि त्यांनी दोन जोड्या फार सुबक कातून दिल्या: एक फणसाची, दुसरी जुन्या खिडकीच्या चौकटीतल्या सागाची. दोन्हींच्या भिंती चार मिलिमीटर जाडीच्या. वरून लाखेचे पॉलिश दिले, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात उघडे लाकूड फुगल्यावाचून राहत नाही.

मूळची वाटी डिंकासारख्या चिकट पदार्थाने जोडलेली असते. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा दिली की तो मऊ होतो. मग तारेचे डाग सोडवून चकती बाहेर काढावयाची आणि लाकडात बसवून तारा पुन्हा डागावयाच्या. येथे एक गंमत झाली. सारे जुळवून हेडफोन दादांच्या डोक्यावर ठेवला, तेव्हा ते थोडा वेळ स्तब्ध राहून म्हणाले, “गाणारा कोठेच उभा नाही रे. तो दोन भिंतींत विरघळला आहे.” मुलाने एका बाजूच्या दोन तारा उलट डागल्या होत्या. तसे झाले की एक चकती पुढे येताना दुसरी मागे जाते, आणि मधोमध ऐकू यावयाचा आवाज दोहों बाजूंस पसरतो. ज्या कानांना आम्ही गेलेले समजत होतो, त्यांनी हा दोष एका कडव्याच्या आत ओळखला. मुलाचे तोंड पाहण्यासारखे झाले होते.

लाकडाने आवाज गोड होतो असे हौशी लोक मोठ्या श्रद्धेने सांगतात. मला त्याची परीक्षा पाहावयाची होती. तारेसाठी वाटीच्या काठाला खाच ठेवली असल्याने तार न तोडता वाट्या बदलता येत. दादांचे डोळे मिटवून मी साग आणि फणस मनास येईल तसे सहा वेळा बदलले. त्यांनी तीन वेळा बरोबर सांगितले. नाणे उडविले असते तरी तेवढेच आले असते. गाद्या बदलल्या तेव्हा मात्र सहाही वेळा डोक्यावर ठेवताक्षणी ओळखल्या. अर्थात गादीचा स्पर्शच निराळा असल्याने ह्या परीक्षेला न्यायालयात कोणी विचारणार नाही. प्लास्टिक आणि लाकूड यांत थोडासा भेद आम्हां सर्वांस वाटला. पण लाकडी वाटी सहा मिलिमीटर अधिक खोल होती, आणि तो भेद खोलीचा की लाकडाचा, हे वेगळे काढता आले नाही. माझे मत विचाराल तर पैसा आणि श्रम गादीवर खर्चावे, आणि लाकूड डोळ्यांच्या समाधानासाठी ठेवावे. दादांना हे मत मान्य नाही. “आईचे झाड आहे,” एवढेच ते म्हणतात, आणि ह्यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

एका गोष्टीवरून मात्र घरात वाद झाला. धार ऐकू येऊ लागताच दादांचा हात आवाज वाढविण्याच्या खिट्टीकडे वारंवार जाऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी घातलेली मर्यादा ८० डेसिबेल आणि आठवड्यास ४० तास अशी आहे. आवाज त्याहून वाढला की तास झपाट्याने कमी करावे लागतात. उरलेले कान अशाने जातील, असे सूनबाईने स्पष्ट सांगितले. “कान राखून ठेवू ते कशासाठी?” असे दादांनी तिला विचारले. ती रडू लागली. अखेर मुलाने यंत्रातच अशी तजवीज केली की आवाज ठराविक पातळीच्या वर चढू नये, आणि दादांनी दोन दिवस कोणाशी बोलणे टाकून तिसऱ्या दिवशी ती मान्य केली.

हे २०२३ साली घडले. तेव्हापासून गाद्यांचा स्पंज एकदा बदलावा लागला. दमट हवेत तो आपोआप भुगा होतो आणि काळा चुरा दादांच्या पांढऱ्या केसांत अडकतो. दुपारी चार वाजता ते व्हरांड्यात हेडफोन लावून बसतात. शंकर-जयकिशनच्या गीतातला व्हायोलिनांचा तुकडा आला की डाव्या हाताची बोटे खुर्चीच्या हातावर सूर दाबू लागतात. व्हायोलिनची पेटी गेल्या महिन्यात त्यांनी स्वतः खाली काढली, आणि गजाला राळ मिळते का ते पाहा म्हणून मला बाजारात पाठविले. फणसाचे लाकूड कातले तेव्हा हळदीसारखे पिवळे होते. उजेडाने आता ते चांगले तांबूस झाले आहे.