चेंडू बघू नकोस

आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं पासिंग कसं सुधारेल, असं दोन वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं, तर तोंडातला पोह्यांचा घास न गिळताच मी उत्तर दिलं असतं: चांगला क्वार्टरबॅक आणा. विचारलं नसतं तरी दिलं असतं. आयोवा सिटीतल्या मराठी घरांत शनिवारच्या जेवणांना मला बोलावताना लोक थोडा विचार करत, त्याचं कारण हेच.

इथला फुटबॉल हातात धरून पळायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. चेंडू घेऊन पळा, नाहीतर क्वार्टरबॅकने पुढे फेकावा आणि रिसीव्हरने झेलावा. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमी पायाने खेळतात तो फुटबॉल, एवढंच मला ठाऊक. हा दुसरा खेळ आपल्याला कळला असं वाटायला पाच महिने पुरले. कळला नव्हता, हे कळायला बारा वर्षं गेली.

आमच्या संघाचं पासिंग हा इथे विनोदाचाच विषय आहे. 2022 मध्ये साउथ डकोटा स्टेटला आम्ही 7-3 असं हरवलं, त्यात चेंडू गोलरेषेपार नेणारं टचडाउन एकही नाही. एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी, म्हणजे बचावाने कमावलेले गुण. 2023 च्या हंगामाआधी तर प्रत्येक सामन्याला सरासरी 25 गुण ही अट आक्रमण सांभाळणाऱ्या प्रशिक्षकांच्या करारातच घातली गेली. सरासरी सोळाच्याही खाली राहिली. तरी चौदापैकी दहा सामने जिंकले, कारण बचाव पोलादी होता, आणि टोरी टेलर नावाचा ऑस्ट्रेलियन पंटर होता. त्या वर्षी त्याने एका हंगामातल्या पंटच्या यार्डांचा राष्ट्रीय विक्रम केला. आक्रमण फसलं की पंटर मैदानात येतो आणि चेंडू लाथेने दूर उडवतो. तेव्हा तो विक्रम नेमका कशाचा होता, ते तुम्हीच बघा. प्रेक्षक पंटला उभं राहून टाळ्या द्यायचे. मला ते अजूनही जमत नाही.

तर माझा उपाय. बिग टेन या आमच्या लीगच्या 2021 च्या अंतिम सामन्यात मिशिगनने आम्हाला 42-3 असं धुतलं, तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक होता केड मॅकनमारा. तोच 2023 ला आमच्याकडे आला. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता मी प्रत्येकाला सांगत होतो, आता बघाच. अनंत चतुर्दशीनंतर दोनच दिवसांनी मिशिगन स्टेटविरुद्ध त्याचा गुडघा गेला. मला मात्र दुःखात एक सोय सापडली. सिद्धान्त बरोबरच होता, गुडघा आडवा आला.

2024 ला तो परतला. टिम लेस्टर हे नवे आक्रमण-प्रशिक्षकही आले. केलेब जॉन्सनने पळून पळून 1,537 यार्ड काढले. पासिंग देशाच्या तळाशी होतं, तिथेच राहिलं. आता आडवं यायला गुडघा नव्हता.

त्याच हिवाळ्यात मी बर्फावर घसरलो आणि सहा आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये. शेजारचे गृहस्थ निवृत्त, आयुष्यभर हायस्कूलच्या पोरांना फुटबॉल शिकवलेले. मी त्यांना कोच म्हणतो. माझी बडबड त्यांनी वर्षानुवर्षं कुंपणापलीकडून सोसली होती. एका दुपारी आले, टीव्हीवर जुना सामना लावायला सांगितला आणि म्हणाले, "चेंडू बघू नकोस. डाव्या टोकाचा लाइनमन बघ. पास फसला की मागे घे आणि पुढचा माणूस बघ. चेंडू शेवटी." लाइनमन म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहून त्याला वाचवणारे पाच जण.

माणूस बारा वर्षं मॅच बघतो आणि चेंडूशिवाय काही बघत नाही, याची लाज वाटायला तीन दुपारी पुरल्या. ज्या पासवर मी क्वार्टरबॅकला शिव्या घातल्या होत्या, तिथे बहुतेक वेळा चूक आधीच झालेली असायची. एक लाइनमन अर्धं पाऊल उशिरा सरकला, क्वार्टरबॅकला पाचव्याऐवजी चौथ्याच पावलावर मान वळवावी लागली, आणि तिकडे बारा यार्डांवर वळायचा रिसीव्हर चौदावर वळला.

मी लहानपणी चार वर्षं तबला शिकलो, वाईट शिकलो, पण सम म्हणजे काय ते हाडात बसलं. क्वार्टरबॅकची मागची पावलं ही मात्रांसारखी मोजलेली असतात. पाचवं पडलं की चेंडू सुटला पाहिजे, आणि त्या वेळी रिसीव्हर वळलेलाही नसतो. चेंडू माणसाकडे फेकायचा नसतो, तो जिथे येणार तिथे फेकायचा असतो. पाच लाइनमन, क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर असे सात जण एकाच समेवर यायला हवेत. मी इतकी वर्षं फक्त गवयाला नावं ठेवत होतो.

कोचनीच मला माउंट प्लेझंटला पाठवलं. इथून दक्षिणेला सुमारे 80 किलोमीटर. 218 क्रमांकाच्या रस्त्याने मी तिथून असंख्यदा गेलो असेन. 1989 ते 1991 या काळात तिथल्या आयोवा वेस्लियन या छोट्याशा कॉलेजात हॅल ममी प्रशिक्षक होते आणि त्यांचे सहायक होते माइक लीच, वकिलीची पदवी घेतलेले, कॉलेजात स्वतः कधी फुटबॉल न खेळलेले. एअर रेड नावाची पासिंगची पद्धत त्या दोघांनी तिथे बसवली आणि पुढे ती देशभर पसरली. त्यांच्याकडे कोणी नामवंत क्वार्टरबॅक नव्हता. चाली मोजक्या, पण त्याच त्या इतक्यांदा घोटायच्या की विचार करावा लागू नये. लाइनमन एकमेकांपासून दूर उभे करायचे, म्हणजे अंगावर येणाऱ्याला लांबून यावं लागतं आणि क्वार्टरबॅकला क्षणभर जास्त मिळतो. ते कॉलेज मे 2023 मध्ये बंद पडलं. मी गेलो तेव्हा आवारात चिटपाखरू नव्हतं. पासिंगचं माहेर आमच्या उशाशी, आणि मी औषध मिशिगनहून मागवत होतो.

आमच्या संघाने एअर रेड खेळावं असं मी म्हणत नाही. नोव्हेंबरातला इथला वारा मला माहीत आहे, आणि 1999 पासून कर्क फेरेन्ट्झ यांनी बचावावर उभारलेला संघ असा एका उन्हाळ्यात उलटा होत नाही. पण घोटणं तर कोणालाही जमतं.

2025 च्या हंगामासाठी मार्क ग्रोनाउस्की हा नवा क्वार्टरबॅक आला. साउथ डकोटा स्टेटला दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेला. 2022 च्या त्या 7-3 सामन्यात समोर हाच होता. मराठी मंडळातून मला अभिनंदनाचे फोन येत होते, जणू मीच त्याला विमानतळावरून आणलं. मुलगा गुणी आहे, मलाही आवडतो. पण खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे वसंतातल्या सरावात तो नव्हता, म्हणजे रिसीव्हरांबरोबरची ती सगळी मोजणी बाकी. मला काळजी त्याच्या खांद्याची नव्हती, त्या बुडालेल्या सरावाची होती. हे फोनवर सांगितलं की पलीकडे शांतता पसरायची. एकाने विचारलं, तब्येत बरी आहे ना?

त्याच वर्षी मी आमच्या किनिक स्टेडियममधली मैदानाच्या मधोमध असलेली माझी महागडी जागा सोडली आणि गोलच्या मागे, अगदी वरच्या रांगेत तिकीट घेतलं. बायको म्हणाली, "तिथून काय दिसणार?"

म्हटलं, पाच जणांच्या पाठी.