बर्फच बर्फ होऊ देईना

मेव्हणा लग्नासाठी मुरबाडला गेला आणि आटगावच्या हायवेवरची सरबताची गाडी माझ्या गळ्यात मारून गेला. गाडी म्हणजे जुना टेम्पो. मागे ओटा, बरण्या आणि शेजारच्या हॉटेलातून ओढलेल्या वायरीवर चालणारा सिंगल डोअर फ्रिज. "दाजी, ट्रे भरायचे नि बर्फ काढायचा, बस्स!"  सकाळी भरलेला ट्रे दुपारी हलवला, तर पाणी डुचमळलं. गिऱ्हाईक कोमट कोकम सरबत पिऊन, पैसे देताना गालात हसलं.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे थंडी कमीजास्त करायचा खटका, शेवटच्या आकड्यावर नेला. संध्याकाळी फ्रीझरच्या भिंतींवर बोटभर बर्फ, आणि ट्रेमध्ये पाणीच!

सुरीने तो थर खरवडायला बसलो, तेवढ्यात बोलावलेला शहापूरचा मेकॅनिक आला. "काका, आधी सुरी ठेवा!" त्या पातळ पत्र्यातूनच गॅस फिरतो, भोक पडलं की फ्रिज बसला. त्यातून मागच्या स्टिकरवर आर-६००ए लिहिलेलं. म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. मी गुपचूप चहाचा स्टोव्ह बंद केला.

त्याने पाना काढलाच नाही. खिशातली दहाची नोट दारात धरली, दार लावलं आणि नोट ओढली. अलगद हातात आली. दाराचं रबर, त्याच्या भाषेत गॅस्केट, खालच्या कोपऱ्यात चेपलेलं. शिवाय मी टेम्पो उतारावर लावलेला, फ्रिज पुढे झुकलेला, त्यामुळे दार आपसूक किलकिलं व्हायचं. त्या फटीतून दमट हवा आत शिरते, तिचं पाणी फ्रीझरला चिकटून गोठतं, आणि तो थर गोधडीसारखा थंडी अडवून धरतो. मी वाढवत होतो ती गोधडीच.

खटक्याच्या मधोमध एक बटण होतं. मी ते शोभेचं समजलो होतो. ते डीफ्रॉस्टचं, म्हणजे थर वितळवायचं. दाबलं. रात्रभर इतकं पाणी झालं की पोती भिजली. सकाळी गरम फडक्याने रबर शेकून ओढलं, मागच्या जाळीवरची धूळ झाडली, उताराकडच्या चाकांखाली फळ्या सारल्या. नोट घट्ट बसली. दुपारी ट्रे पिळला, तर कडकड आवाज आला.

लाइट जाऊन आली की पाचेक मिनिटं थांबून फ्रिज चालू करा. आतला दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसर उचलत नाही. आणि बर्फ होईना झाला, तर खटका फिरवण्याआधी दारात नोट धरून पाहा.